‘सिव्हिल’ : एका इंग्रजी विशेषणाचा अर्थ, उगम आणि व्यवहार

जिल्ह्याच्या ठिकाणी कामानिमित्त येणाऱ्या ग्रामस्थाला एकच इंग्रजी विशेषण दिवसभरात तीन-चार वेळा तरी भेटते. घरातील आजारी माणसाला ‘सिव्हिल’मध्ये दाखल केलेले असते. बांधाचा दावा ‘सिव्हिल कोर्टा’त पडून असतो. शिधापत्रिकेवरील नाव कमी झाल्याची तक्रार ‘सिव्हिल सप्लाय’कडे द्यावयाची असते आणि ओढ्यावरील पुलाचे अंदाजपत्रक कोठे अडकले हे विचारावयास गेले, तर तेथे ‘सिव्हिल इंजिनिअर’ बसलेले असतात. मराठी फलक वाचू लागल्यास मात्र हा एकच शब्द अनेक वेष घेतो. न्यायालय ‘दिवाणी’ होते, पुरवठा ‘नागरी’ होतो, अभियंता ‘स्थापत्य’ होतो. आणि सिव्हिल सर्जनचा ‘जिल्हा शल्यचिकित्सक’ होताना तर ते विशेषण नाहीसेच होते. पुष्कळांना हा भाषांतरकारांचा गोंधळ वाटतो. वस्तुतः तो गोंधळ नाही. इंग्रजीत या शब्दाने वेगवेगळ्या काळी वेगवेगळी कामे केली आणि मराठीने त्या प्रत्येक कामाला त्या त्या वेळी जवळ असलेला शब्द दिला. ही कामे कोणती, हे समजून घेतले म्हणजे शासकीय कागद वाचताना होणारा एक मोठा गैरसमज टळतो. तो कोणता, हे ओघाने येईलच.

शब्दाचे मूळ

‘सिव्हिल’ हा शब्द लॅटिन ‘सिव्हिस’, म्हणजे नागरिक, या नामापासून आला. त्याचे विशेषण ‘सिव्हिलिस’. ते फ्रेंच भाषेतून चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत उतरले. ‘सिटी’, ‘सिटिझन’, ‘सिव्हिक’, ‘सिव्हिलियन’ हे सारे त्याच कुळातले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. रोमन लोकांच्या दृष्टीने ‘सिव्हिस’ म्हणजे शहरात राहणारा माणूस नव्हे. रोमच्या राज्यसंस्थेचा हक्कदार घटक तो ‘सिव्हिस’. रोम शहरात जन्म काढलेला गुलाम ‘सिव्हिस’ नव्हता आणि दूरच्या खेड्यात शेती करणारा, पण नागरिकत्व मिळालेला शेतकरी ‘सिव्हिस’ होता. इ. स. २१२ मध्ये सम्राट कॅराकॅला याने साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना हा दर्जा दिला. गावाची शीव येथे लागू नव्हती. हक्काची शीव लागू होती. शहरासाठी लॅटिनमध्ये ‘उर्ब्स’ हा निराळा शब्द होता आणि त्यावरून इंग्रजीत ‘अर्बन’ हे विशेषण आले. इंग्रजीत ‘सिव्हिल’ आणि ‘अर्बन’ यांची गल्लत होत नाही, याचे कारण हेच.

रोमन नागरिकांना लागू असलेला जो कायदा, तो त्यांच्या भाषेत ‘सिव्हिल’ कायदा. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने त्याचे संकलन करविले आणि युरोपातील अनेक देशांच्या विधिसंहितांचा पाया त्या संकलनावर उभा राहिला. पोर्तुगालची १८६७ ची सिव्हिल संहिता याच परंपरेतली. ती पुढे गोव्यात लागू झाली, आणि १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतरही तिच्यातील कुटुंबविषयक तरतुदी तेथे चालू राहिल्या. विवाहाची नोंद करण्यासाठी गोव्यातील जोडपी आजही ज्या कार्यालयात जातात, त्याच्या प्रमुखाच्या पदनामात ‘सिव्हिल’ हा शब्द आहेच.

विरोधी शब्दावरून अर्थ

या विशेषणाचा अर्थ ठरविण्याची एक सोपी किल्ली आहे. ‘सिव्हिल’ म्हणजे काय, असे न विचारता ‘सिव्हिल नव्हे ते काय’, असे विचारावे. विरोधी शब्द बदलला की अर्थ बदलतो.

जेथे विरोध गुन्हेगारी बाबींशी आहे, तेथे ‘सिव्हिल’ म्हणजे दिवाणी. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. मोगल राज्यव्यवस्थेत प्रांताचा महसूल पाहणारा अधिकारी तो दिवाण. मालमत्ता, देणे-घेणे, वारसा यांचे तंटे त्याच्याकडे जात. शांतता व सुव्यवस्था फौजदाराकडे असे. १७६५ मध्ये बादशहा शाह आलम याने बंगाल, बिहार व ओरिसा यांची ‘दिवाणी’ ईस्ट इंडिया कंपनीला दिली. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने जिल्ह्याजिल्ह्यांत दिवाणी अदालत व फौजदारी अदालत अशी दोन न्यायालये स्थापिली. इंग्रज कारभाऱ्यांनी पहिलीला ‘सिव्हिल’ आणि दुसरीला ‘क्रिमिनल’ म्हटले, आणि तेव्हापासून ही जोडी कायम झाली. म्हणजे ‘दिवाणी’ हे ‘सिव्हिल’चे भाषांतर नव्हे. एका शब्दाचे मूळ नागरिकात, दुसऱ्याचे महसुलाच्या दफ्तरात. दोघे एकाच खुर्चीवर येऊन बसले, एवढेच. गंमत अशी की, इंग्रजीत ‘सिव्हिल’चा दुसरा मोठा विरोधक लष्कर आहे आणि आपल्याकडे गुन्ह्यांच्या न्यायालयाला मिळालेले नावही ‘फौज’ या शब्दावरूनच आलेले आहे.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९ अन्वये, ज्या दाव्यांना कायद्याने मनाई केलेली नाही असे ‘दिवाणी स्वरूपाचे’ सर्व दावे दिवाणी न्यायालये चालवू शकतात. दिवाणी स्वरूप म्हणजे काय, याची सर्वसमावेशक व्याख्या मात्र संहितेत केलेली नाही. मालमत्तेचा किंवा पदाचा हक्क वादात असेल तर दावा दिवाणी स्वरूपाचा, एवढे स्पष्टीकरण त्या कलमाखाली आहे. पंचायत सदस्यांच्या कानांवर हा शब्दप्रयोग बहुधा पोलीस ठाण्यातून येतो. शेजाऱ्याने बांध कोरल्याची तक्रार घेऊन गेलेला शेतकरी ‘हे प्रकरण दिवाणी स्वरूपाचे आहे’ असे उत्तर घेऊन परततो आणि आपली तक्रार खोटी ठरविली गेली, अशी त्याची समजूत होते. त्या उत्तराचा खरा अर्थ एवढाच असतो की, गुन्हा घडलेला दिसत नाही. हक्क कोणाचा हे ठरवावयाचे आहे, आणि ते ठरविण्याचे काम पोलिसांचे नव्हे. वहिवाटीचा रस्ता किंवा शेताकडे येणारे पाणी अडविले गेले असेल, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडेही दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. जमिनीच्या मालकीचा अखेरचा निर्णय दिवाणी न्यायालयाचाच.

जेथे विरोध लष्कराशी आहे, तेथे ‘सिव्हिल’ म्हणजे बिनलष्करी. या अर्थासाठी मराठीत एक उत्तम शब्द रूढ होता : मुलकी. मुलूख म्हणजे प्रदेश. त्याच्या कारभारासंबंधीचे ते मुलकी. ‘मुलकी व लष्करी अधिकारी’ ही जोडी जुन्या मराठी कागदपत्रांत व वृत्तपत्रांत सर्रास आढळते. गावात मुलकी पाटील आणि पोलीस पाटील अशी दोन पदे होती. त्यांपैकी मुलकी पाटलाचे पद १९६२ च्या अधिनियमाने गेले आणि त्याबरोबर तो शब्दही बोलण्यातून मागे पडत गेला. तो जावयास नको होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याची जागा पुढे ‘नागरी’ने घेतली, आणि ज्या गैरसमजाचा प्रारंभी उल्लेख केला त्याचे बीज येथेच पडले.

कंपनीच्या नोकरांत लष्करी नोकर वेगळे आणि व्यापार, महसूल व न्याय पाहणारे ‘सिव्हिल’ नोकर वेगळे. या दुसऱ्या वर्गातील वरिष्ठ नोकर कंपनीशी करारपत्र करीत. त्यावरून मराठीत ‘सनदी नोकर’ हा शब्द झाला. विशेषण गेले आणि करारपत्राची खूण तेवढी राहिली. १८५५ मध्ये या सेवेसाठी लंडनमध्ये स्पर्धापरीक्षा सुरू झाली. तिच्यातून निवडले गेलेले पहिले भारतीय, सत्येंद्रनाथ टागोर, यांची निवड १८६३ मध्ये झाली, आणि त्यांनी नोकरी केली ती मुंबई इलाख्यात. आज सनद नाही आणि करारपत्रही नाही. तरीही भारतीय प्रशासन सेवेतील अधिकाऱ्याला आपण ‘सनदी अधिकारी’च म्हणतो.

नागपूरची ‘सिव्हिल लाइन्स’ ही याच अर्थाची वस्ती. जवळच कामठीला छावणी होती. तेथे लष्कर, आणि येथे मुलकी अधिकाऱ्यांचे बंगले. सिव्हिल सर्जनची कथाही अशीच आहे. त्या काळी वैद्यकीय सेवेचा सांगाडा लष्करी होता; त्यातील जो शल्यवैद्य जिल्ह्याच्या मुलकी जनतेसाठी नेमला जाई तो ‘सिव्हिल’ सर्जन. पुढे सर्वच सरकारी रुग्णालये जनतेसाठी झाली, विरोध उरला नाही आणि मराठी पदनामातून विशेषण गळाले. ते योग्यच झाले. लोकांनी मात्र उलट केले : ‘सर्जन’ आणि ‘हॉस्पिटल’ टाकून देऊन विशेषणच नाम म्हणून वापरले. ‘सिव्हिलला नेले’ हे वाक्य सोलापुरात किंवा सांगलीत कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

अभियंत्यांचेही तसेच. अठराव्या शतकापर्यंत अभियंता म्हणजे किल्ले, खंदक व तोफांचे मोर्चे बांधणारा लष्करी माणूस. इंग्लंडात जॉन स्मीटनसारख्या माणसांनी कालवे, पूल व दीपस्तंभ बांधले आणि आपण लष्करी नव्हे हे सांगण्यासाठी स्वतःला ‘सिव्हिल’ अभियंता म्हणवून घेतले. १७७१ मध्ये त्यांचे एक मंडळ लंडनमध्ये स्थापन झाले. मराठीने येथे विरोध सोडून कामाकडे पाहिले आणि ‘स्थपती’वरून ‘स्थापत्य’ घेतले. नागरी पुरवठा, नागरी विमान वाहतूक, नागरी संरक्षण यांचा खुलासाही ‘लष्करासाठी नसलेले’ एवढ्याने होतो. धान्यपुरवठ्याला हे विशेषण चिकटले ते दुसऱ्या महायुद्धात, सैन्याचा पुरवठा आणि सर्वसामान्य जनतेचा पुरवठा वेगळा काढावा लागला तेव्हा.

जेथे विरोध धर्मविधीशी आहे, तेथे आणखी एक छटा येते. ‘सिव्हिल मॅरेज’ म्हणजे धार्मिक विधीवाचून, राज्याच्या कायद्यानुसार झालेला विवाह. आपल्याकडे १८७२ मध्ये व पुढे १९५४ मध्ये त्यासाठी विशेष विवाहाचे कायदे झाले. मराठीत ‘नोंदणी विवाह’ हा शब्द चांगला रुळला आहे. लोक ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतात. परंतु तो विवाह न्यायालयात होत नसून विवाह अधिकाऱ्यासमोर, तीस दिवसांच्या नोटिशीनंतर होतो. यादवीविषयी दोन शब्द पुरेत. परकीयांशी नव्हे तर आपसांत, नागरिकानागरिकांत, होणारे ते ‘सिव्हिल’ युद्ध. मराठीने त्यासाठी महाभारतातील यादवांच्या अंताची आठवण जागी केली, आणि १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेचे युद्ध, ज्याने वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आणला, तेही आपल्या इतिहासग्रंथांत ‘यादवी’ झाले. याहून सुंदर प्रतिशब्द या विशेषणाला क्वचितच मिळाला असेल.

सभ्य, नागर आणि सविनय

‘सिव्हिल’चा आणखी एक अर्थ आहे, आणि इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकांना तो विशेष उपयोगी पडेल : सौजन्याने वागणारा. येथे विरोधी शब्द ‘उद्धट’. मात्र हे सौजन्य मोजके असते. एखाद्याने ‘सिव्हिल’ उत्तर दिले असे इंग्रज म्हणतो, तेव्हा त्यात जिव्हाळ्याची ग्वाही नसते. माणूस तुसडेपणाने वागला नाही, एवढीच पावती असते. विद्यार्थ्याने आपल्या गुरुजींची स्तुती करताना हे विशेषण वापरले, तर ती स्तुती थंड वाटेल. तेथे ‘काइंड’ किंवा ‘कर्टियस’ हवे. शासकीय कचेरीत येणाऱ्या नागरिकाची अपेक्षा मात्र पुष्कळदा या मोजक्या सौजन्याचीच असते, हेही येथे नमूद करावेसे वाटते.

नागरिक या शब्दापासून सभ्यतेचा अर्थ निघावा, हे केवळ लॅटिनमध्येच घडले असे नाही. संस्कृतात ‘नागरक’ म्हणजे सुसंस्कृत, कलाभिज्ञ नगरवासी. मराठीत ‘नागर’ म्हणजे डौलदार, परिष्कृत. याची दुसरी बाजू फारशी सुखद नाही. ‘नागर’ला चांगला अर्थ चिकटला आणि ‘ग्राम्य’ला वाईट. शब्दकोश नगरात लिहिले गेले, याचा हा पुरावा समजावा. त्यामानाने ‘सभ्य’ हा शब्द निर्मळ आहे : सभेत बसण्यास योग्य तो सभ्य. आणि सभा ही गावातही भरते.

या अर्थाचा सर्वांत मोठा उपयोग राजकारणात झाला. अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो याच्या १८४९ मधील निबंधाच्या मूळ शीर्षकात ‘सिव्हिल’ हे विशेषण शासनाला लावलेले होते. १८६६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, तो निबंध नव्या शीर्षकाने प्रसिद्ध झाला तेव्हा ते आज्ञाभंगाला लागले. गांधीजींनी त्यात सौजन्याचा अर्थ भरला. कायदा मोडावयाचा, पण उघडपणे, नम्रपणे, द्वेषावाचून आणि शिक्षा पत्करून. मराठीत ‘नागरी आज्ञाभंग’ असा शब्द झाला नाही. ‘सविनय कायदेभंग’ झाला. विशेषणाच्या अनेक अर्थांपैकी नेमका हवा तो निवडणारा असा अनुवाद सहसा सापडत नाही. १९३० मध्ये शिरोड्याला मीठ उचलणाऱ्यांना आणि बिळाशी, पुसद येथे जंगल सत्याग्रह करणाऱ्यांना त्या विशेषणाचे लॅटिन मूळ माहीत असण्याचे कारण नव्हते. ‘सविनय’ हा शब्द त्यांना पुरेसा होता.

‘नागरी’ शब्दाची अडचण

आता मूळ अडचणीकडे वळू. शासनव्यवहारात मराठी आणण्याचे कार्य राज्यस्थापनेपासून पद्धतशीरपणे सुरू झाले. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला, पदनामांचे व परिभाषेचे कोश निघाले. कमी काळात फार मोठे काम झाले, हे मान्य केलेच पाहिजे. या कामात ‘सिव्हिल’साठी, दिवाणी व स्थापत्य वगळता, बहुतेक ठिकाणी ‘नागरी’ हा एकच शब्द स्वीकारला गेला. आणि त्याच वेळी ‘अर्बन’साठीही ‘नागरी’च रूढ झाला. नागरी सहकारी बँक, नागरी स्थानिक संस्था, नागरी भाग व ग्रामीण भाग ही सर्व ‘अर्बन’ची उदाहरणे, महाराष्ट्र नागरी सेवा नियम, नागरी पुरवठा, नागरी हक्क ही ‘सिव्हिल’ची. इंग्रजीत वेगळे असलेले दोन शब्द मराठीत एक झाले.

सेवा नियमांच्या बाबतीत यामुळे काही बिघडत नाही. सगळी नोकरी खेड्यापाड्यांत करणाऱ्या महसूल कर्मचाऱ्यालाही आपली रजा ‘नागरी सेवा (रजा) नियम, १९८१’ प्रमाणे मिळते हे ठाऊक असते. ‘समान नागरी कायदा’ हा केवळ शहरांसाठी असेल, असेही कोणी समजत नाही. परंतु ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५’ हे नाव ग्रामपंचायतीच्या भिंतीवर वाचणाऱ्या सदस्याला, हा शहरातील सोयीसुविधांचा कायदा आहे, असे वाटले तर दोष त्याचा नव्हे. हा अधिनियम मूळचा ‘अस्पृश्यता (अपराध) अधिनियम’. १९७६ मध्ये दुरुस्ती होऊन त्याला आजचे नाव मिळाले. जुने नाव कानाला कठोर, पण विषय स्पष्ट करणारे होते. नवे नाव अधिक उदात्त आहे. मात्र मराठीत त्याने विषय झाकला. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केल्यामुळे व्यक्तीला प्राप्त होणारा हक्क, तो या अधिनियमाच्या अर्थाने नागरी हक्क. विहीर, तलाव, नळ, पाणवठा, देऊळ, दुकान, स्मशानभूमी यांपासून अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणास अडविणे हा त्याखाली अपराध आहे. ही यादी वाचली तर ती प्रामुख्याने खेड्याचीच यादी आहे, हे कोणाच्याही लक्षात येईल.

दुसरा घोटाळा याहून गंभीर. ‘सिव्हिल’ म्हणजे दिवाणी, हे समीकरण कचेऱ्यांत इतके पक्के आहे की, ‘सिव्हिल राइट्स’च्या तक्रारीलाही कोणी ‘दिवाणी स्वरूपाचे’ म्हणण्याची शक्यता राहते. वस्तुतः या अधिनियमाखालील प्रत्येक अपराध दखलपात्र आहे. पोलिसांनी त्याची दखल घ्यावयाची आहे. हक्क ‘सिव्हिल’ आणि त्याचा भंग फौजदारी, असा हा कायदा आहे. सरपंचाने वा शिक्षकाने तक्रारदाराबरोबर ठाण्यात जाताना एवढी एक गोष्ट जाणून असावी.

एका विशेषणाचे हे दोन अर्थ एकाच प्रकरणात समोरासमोर आले, तेही महाराष्ट्रातच. १९२३ मध्ये मुंबई विधान परिषदेत सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याप्रमाणे चवदार तळे खुले केले, पण कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले, तेव्हा काही सवर्ण रहिवाशांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल केला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. तळे आपले आहे, अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची पुरातन वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे माणसाने पाणी प्यावे की नाही, हा प्रश्न बांधाच्या किंवा वाटेच्या तंट्यासारखा, वहिवाटीच्या हक्काचा दिवाणी दावा म्हणून न्यायालयापुढे आला. डॉ. आंबेडकर स्वतः कायदेपंडित. त्यांनी मनाई हुकुमाचा मान राखला, सत्याग्रह तहकूब केला आणि दावा लढविला.

तो दावा खालच्या दोन न्यायालयांतून मुंबई उच्च न्यायालयात पोहोचण्यास व निकालात निघण्यास जवळजवळ दहा वर्षे लागली. उच्च न्यायालयातील न्यायमूर्तींपैकी एक होते ब्रूमफील्ड. १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींवरील राजद्रोहाचा खटला चालविणारे तेच सनदी न्यायाधीश. १७ मार्च १९३७ रोजी निर्णय झाला : तळे नगरपालिकेचे आहे, आणि मज्जावाची पुरातन वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही. दावा फेटाळला गेला. समतेचा हक्क या निकालात कोठेही घोषित झालेला नव्हता. वादींचा पुरावा अपुरा पडला, एवढ्याच दिवाणी कारणावर तळे मोकळे झाले. त्या हक्काला अनुच्छेद १७ मध्ये स्वतःचे शब्द मिळाले ते १९५० मध्ये, आणि अडविणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा झाला तो आणखी पाच वर्षांनी.